जपानी चॉकलेटचा खाऊ: पारख कोकोची नव्हे, दुधाची

जपानहून परतणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात हल्ली चॉकलेटचे दोन-चार खोके हमखास असतात. नोकरीनिमित्त तिकडे राहणारी मुले सुट्टीवर येताना ते आणतात, चेरीच्या बहराच्या दिवसांत सहलीला गेलेले काका-काकू आणतात आणि आता तर कंपनीच्या कामासाठी आठवडाभर जाऊन येणारेही आणतात. खाऊ आणण्याची हौस आपल्याला आहेच. पण त्या देशात तर प्रवासाहून परतताना सहकाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी त्या त्या गावचा खास जिन्नस नेणे हे जवळपास कर्तव्य मानले जाते, आणि ओमियागे नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रीतीभोवती मिठायांचा एक मोठा व्यवसाय उभा आहे. रेल्वे स्थानके, विमानतळ आणि मोठ्या दुकानांची तळघरे अशा खोक्यांनी भरलेली असतात. त्यांतले चॉकलेटचे कोणते प्रकार खरोखर आणण्याजोगे आहेत, कोणते तिथेच खाऊन यावेत आणि कोणते सोडून दिले तरी चालतील, हे मी चवीने आणि पुरेसा वेळ देऊन पारखले आहे.

पारखताना पहिला प्रश्न हाच येतो की चॉकलेटमध्ये जपानचे असे काय असते. तिथे कोकोची लागवड नगण्य आहे आणि देशात येणाऱ्या कोको बियांचा मोठा वाटा घानामधून येतो. लोट्टे कंपनीचे १९६४ पासून विकले जाणारे प्रसिद्ध चॉकलेट तर ‘घाना’ याच नावाने ओळखले जाते. म्हणजे गडद, कडवट, कोकोचे प्रमाण जास्त असलेली वडी साप्पोरोहून आणली काय आणि ब्रसेल्सहून आणली काय, तिच्यातला मुख्य जिन्नस पश्चिम आफ्रिकेच्या मातीतलाच असणार. जपानचे म्हणता येईल असे जे त्यात पडते ते निराळे आहे: होक्काइदोचे दूध, साय आणि लोणी, क्योतोजवळच्या उजी गावचा हिरवा चहा, जपानी स्ट्रॉबेरी आणि भाजणाऱ्याच्या हाताची सफाई. या सर्वांची चव सर्वांत स्पष्ट कळते ती पांढऱ्या चॉकलेटमध्ये, कारण त्यात कोकोचे लोणी असते, पण कोकोची भुकटी नसते, त्यामुळे बरोबरच्या पदार्थाला दडपून टाकणारा कडवटपणाही नसतो. चॉकलेटचे जाणकार पांढऱ्या चॉकलेटला चॉकलेट मानायलाच तयार नसतात. एरवी त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. पण प्रवासाची आठवण म्हणून खाऊ निवडायचा असेल तर माझे मत नेमके उलटे आहे. साताऱ्याचा कंदी पेढा जसा तिथल्या दुधावर ओळखला जातो, तसा जपानचा चॉकलेटी खाऊ दुधावर ओळखावा.

या दृष्टीने होक्काइदोला पर्याय नाही. देशाच्या उत्तर टोकाचे हे थंड बेट जपानच्या एकूण कच्च्या दुधापैकी निम्म्याहून अधिक दूध पुरवते, आणि जपानमधली प्रवासी चॉकलेटे म्हणून जी नावे लोकांच्या तोंडी आहेत त्यांपैकी बरीच याच बेटावरची आहेत.

त्यांत सर्वांत परिचित नाव शिरोई कोइबितो. साप्पोरोच्या इशिया कंपनीने १९७६ मध्ये हे बिस्किट बाजारात आणले आणि आज होक्काइदोला जाऊन आलेल्या माणसाकडून ते अपेक्षितच असते. फिकट निळ्या-पांढऱ्या खोक्यावर रिशिरी बेटावरच्या डोंगराचे चित्र आहे, आत प्रत्येक बिस्किट स्वतंत्र वेष्टनात आहे. वेष्टन फाडल्यावर हाती येते ती अगदी पातळ चौकोनी चकत्यांची जोडी, मधोमध फिकी आणि कडांना सोनेरी तांबूस झालेली, आणि या दोन चकत्यांमध्ये पांढऱ्या चॉकलेटची सपाट, बिस्किटाच्याच जाडीशी मेळ राखणारी पाटी. लोणी, साखर, मैदा आणि अंड्याचा पांढरा बलक यांपासून केलेली ही फ्रेंच पद्धतीची चकती दातांखाली कुरकुरत नाही, ती हलक्या आवाजाने मोडते आणि लगेच विरू लागते. खरी गंमत त्यानंतरची आहे, कारण चकती आणि चॉकलेट दोन्ही जवळजवळ एकाच वेळी विरघळतात आणि कोरडे बिस्किट तोंडात राहून चॉकलेट आधीच संपले असे होत नाही. हा तोल साधणे किती अवघड आहे हे इतर कंपन्यांची याच धर्तीची बिस्किटे खाल्ल्यावर कळते. गोडी आपल्याकडच्या मिठायांच्या मानाने बेताची आहे, शेवटी भाजलेल्या लोण्याचा वास रेंगाळतो. याचाच गडद चॉकलेटचा प्रकारही मिळतो, तो वाईट मुळीच नाही. पण त्यात लोण्याचा वास मागे पडतो, म्हणून मी पांढराच निवडतो. कचेरीत वाटण्यासाठी यापेक्षा सोयीची वस्तू मला सापडलेली नाही. बारा, अठरा, चोवीस अशा वेगवेगळ्या संख्यांचे खोके मिळतात, मुदत काही महिन्यांची असते आणि ज्याला आज खायचे नाही तो वेष्टनासह घरी नेऊ शकतो.

शिरोई कोइबितो सर्वांना आवडणारे आहे, पण माझे मन ओबिहिरोच्या रोक्कातेई या मिठाईवाल्यांकडे अधिक ओढ घेते. जपानमध्ये पांढरे चॉकलेट प्रथम तयार केले ते यांनीच, १९६८ मध्ये, आणि ओबिहिरो ज्या तोकाची मैदानात वसले आहे तो दूधदुभत्याचा आणि शेतीचा सधन प्रदेश आहे. त्यांचे मारुसेई बटर सँड १९७७ पासून मिळते. त्याच्या चंदेरी वेष्टनावरची जुन्या वळणाची लाल नक्षी तोकाचीत वसाहत करायला आलेल्या योदा बेन्झो यांच्या मंडळींनी विकलेल्या लोण्याच्या डब्यावरून घेतली आहे. मारुसेई हे त्या लोण्याचेच नाव. आत दोन मऊसर बिस्किटे आणि त्यांच्यामध्ये पांढरे चॉकलेट, होक्काइदोचे लोणी आणि मनुका यांचे जाड सारण. हे सारण थोडे गार असताना खावे. सुरीने आडवे कापून पाहिले तर कडेला बिस्किटाने शोषलेल्या लोण्याची बारीक ओलसर रेघ दिसते, मध्ये मलईच्या रंगाचा घट्ट थर आणि त्यात रुतलेल्या अखंड मनुका. पहिल्या घासाला लोण्याचा खारट-गोड भरदारपणा जाणवतो, मग मनुकेची आंबट चव येऊन तो भरदारपणा जड होऊ देत नाही, आणि पांढरे चॉकलेट वेगळे जाणवतच नाही. ते लोण्याला आकार आणि घट्टपणा देण्याचे काम मुकाट्याने करत असते. चॉकलेटचा इतका समजूतदार वापर मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: याची मुदत दोन आठवड्यांहूनही कमी असते. प्रवासाच्या अगदी शेवटी घेऊन, घरी पोहोचताच दोन-चार दिवसांत संपवण्याची तयारी असेल तरच हे आणावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी याच दुकानाची स्ट्रॉबेरी आहे. गोठवून वाळवलेली अखंड स्ट्रॉबेरी पांढऱ्या चॉकलेटच्या जाड कवचात बसवलेली असते. चावल्याबरोबर कवच फुटते, आतले फळ कापसासारखे चुरते आणि त्याची लख्ख आंबट चव दुधाच्या गोडीला छेद देते. मुलांना हा खाऊ अतिशय आवडतो. रोक्कातेईच्या पिशव्यांवर आणि कागदांवर होक्काइदोच्या रानफुलांची चित्रे असतात, चित्रकार साकामोतो नाओयुकी यांनी काढलेली, आणि तो कागद टाकून देण्याचे धाडस आमच्या घरी कोणी करत नाही.

चवीचा विचार केला तर सर्वांत वरचे स्थान नामा चॉकलेटचे, म्हणजे साय घातलेल्या मऊ चॉकलेटचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कानागावा प्रांतातल्या हिरात्सुका येथील सिल्स मारिया या दुकानाने १९८८ मध्ये हा प्रकार प्रथम केला असे मानले जाते, आणि साप्पोरोच्या रॉईस कंपनीने १९९५ पासून तो जगभर नेला. या नावावर कोणीही काहीही विकू नये म्हणून जपानी चॉकलेट उद्योगाने नियम करून घेतले आहेत: नामा म्हणवायचे तर त्यात साय किमान १० टक्के आणि पाण्याचा अंश किमान १० टक्के असावाच लागतो. एरवी चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तरी ते बिघडते, आणि इथे साईतल्या पाण्यासकट ते एकजीव करायचे असते, यातच त्या कामाचे कसब आहे. रॉईसच्या खोक्यात १२५ ग्रॅमचे २० चौकोनी तुकडे एकमेकांना चिकटून बसवलेले असतात, वरून कोको भुकटीचा मखमली थर आणि सोबत उचलायला एक छोटासा प्लॅस्टिकचा काटा. तुकडा उचलताना कडा किंचित वाकते, तोंडात टाकल्यावर आधी भुकटीचा कोरडा कडवटपणा येतो, आणि मग चावण्याची गरजच उरत नाही. दूध असलेल्या प्रकारात साईची चव इतकी ताजी असते की आपण चॉकलेट खातो आहोत हे क्षणभर बाजूला राहते. कडवट प्रकार प्रौढांच्या जिभेला अधिक रुचेल. काही प्रकारांत शॅम्पेन किंवा अन्य मद्य असते, तेव्हा घरात ते चालत नसेल तर खोके निवडताना लक्ष द्यावे.

तरीही आपल्याकडे आणण्याचा खाऊ म्हणून नामा चॉकलेटला मी पहिला क्रमांक देणार नाही. ते १० अंशांच्या खाली ठेवावे लागते आणि मुदतही मोजक्या आठवड्यांची असते. विमानतळावरचे दुकानदार थंडावा टिकवणारी पिशवी आणि बर्फाची थंड पुडी देतात, पण त्या पुडीचा जोर काही तासांचाच. टोकियोहून मुंबईपर्यंतचा प्रवास, विमान बदलायचे असेल तर मधला थांबा, सामान येईपर्यंतचा वेळ आणि पुढे पुण्या-नाशिकपर्यंतचा रस्ता यांचा हिशेब केला तर डिसेंबर-जानेवारीत ते सुखरूप पोहोचेल, एप्रिल-मे महिन्यांत पोहोचण्याची खात्री देता येत नाही. एकदा सैल होऊन पुन्हा घट्ट झालेले नामा चॉकलेट खाण्यास अयोग्य होत नसले तरी त्याची ती रेशमी मऊ पोत परत येत नाही, आणि तीच तर त्यातली मुख्य चीज आहे. शिवाय तुकडे सुटे, वेष्टनाविना, एकाच तबकात असल्याने ते चार घरी वाटता येत नाहीत. रॉईसची दुकाने आता मुंबईतही आहेत, त्यामुळे केवळ चव घ्यायची असेल तर एवढ्या लांबून जपून आणण्याची गरजही उरलेली नाही. माझा सल्ला असा की साप्पोरोजवळच्या शिन-चितोसे विमानतळावर रॉईसने काचेआड छोटा कारखाना आणि दुकान थाटले आहे, तिथे काम पाहावे, एक खोके घ्यावे आणि ते तिथेच बसून खावे. बरोबर आणायचे असेल तर याच कंपनीचे एका बाजूला चॉकलेट लावलेले बटाट्याचे वेफर्स आणावेत. खारट-गोडाची ती जोडी तरुण मंडळींना फार आवडते, फक्त १९० ग्रॅमचे खोके जागा बरीच अडवते आणि दाबले गेले तर आत चुराच मिळतो.

क्योतोला जाणाऱ्यांनी मालब्रांश या दुकानाचे चा नो का पाहावे. रचना शिरोई कोइबितोसारखीच आहे, पातळ चकत्या आणि मध्ये पांढरे चॉकलेट. मात्र चकतीत उजीचा माचा, म्हणजे हिरव्या चहाची भुकटी, भरपूर घातलेला असल्याने ती गर्द हिरवी दिसते. माचा आणि पांढरे चॉकलेट यांची जोडी जपानी मिठायांमध्ये इतक्या ठिकाणी दिसते याचे कारण सरळ आहे. चहाच्या पानातला कोवळा कडवटपणा आणि समुद्री शेवाळासारखा किंचित खारट गंध कोकोच्या भुकटीपुढे टिकत नाही, पण कोकोच्या लोण्यात आणि दुधात तो खुलतो, आणि चॉकलेटची अति गोडीही त्यामुळे आवरली जाते. चा नो का मध्ये हा मेळ उत्तम जमला आहे. घास संपल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जो स्वच्छ तुरटपणा उरतो तो खऱ्या चहाचा आहे. माचा प्रकाशाने आणि उष्णतेने लवकर फिका पडतो, म्हणून माचाचा कोणताही खाऊ घेताना वेष्टन अपारदर्शक आहे ना आणि आतला रंग पोपटी-गर्द आहे की पिवळट तपकिरी झाला आहे, हे पाहून घ्यावे. पर्यटकांच्या गर्दीच्या गल्ल्यांत माचाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त चॉकलेटांत साखरेशिवाय दुसरे काही जाणवले नाही.

किटकॅटबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण जपानहून येणाऱ्या सामानात त्याचीच संख्या सर्वाधिक असते. मूळचे इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या राउनट्री कंपनीचे हे चॉकलेट १९७३ मध्ये जपानमध्ये आले आणि पुढे नेस्लेच्या हाती तिथे त्याचे असंख्य प्रकार झाले: उजीचा माचा, शिन्शूचे सफरचंद, शिझुओकाचा वासाबी, ओकिनावाचे जांभळे रताळे. त्या त्या प्रांतात गेल्यावर तिथलेच किटकॅट घ्यायचे, ही कल्पना मोठी आकर्षक आहे, आणि लहान मुलांना वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या वड्या वाटताना जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही. चवीच्या बाबतीत मला माचाचा प्रकार मनापासून आवडतो, वासाबीचा झणका सौम्य आणि सुखद आहे. बाकीच्या बऱ्याच फळांच्या प्रकारांत फळापेक्षा त्याचा सुगंध पुढे येतो, असे माझे मत आहे. वजनाला हलके, भरपूर वड्या, प्रत्येक वडी वेगळ्या वेष्टनात आणि खिशाला परवडणारे, असा हा खाऊ मोठ्या वर्गात किंवा सोसायटीत वाटायला उत्तम आहे. आजी-आजोबांसाठी काही खास न्यायचे असेल तर मात्र मी रोक्कातेईकडेच वळेन.

सामान कसे आणावे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कोकोचे लोणी साधारण ३४ अंशांना वितळते, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत त्याहून कितीतरी अधिक तापमान असते. वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नसते, लोण्याचे स्फटिक वर आलेले असतात आणि ते खाल्ल्याने काही होत नाही, पण चमक आणि टचकन मोडण्याचा गुण जातो. म्हणून चॉकलेटचे खोके हातातल्या बॅगेतच ठेवावेत आणि घरी पोहोचल्यावर ते थेट फ्रीजमध्ये न टाकता हवाबंद डब्यात घालून मग ठेवावेत, म्हणजे वर पाणी धरत नाही. पातळ चकत्यांच्या बिस्किटांना उष्णतेइतकाच पावसाळ्यातल्या दमट हवेचा त्रास होतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये वेष्टन फोडलेली चकती थोड्याच वेळात नरम पडते. भर उन्हाळ्यात विदर्भात खाऊ न्यायचा असेल तर मोरिनागा कंपनीचे बेक नावाचे चॉकलेट पाहावे. ते वरून भाजलेले असल्याने हाताला चिकटत नाही, आणि चव साधी असली तरी ते धड पोहोचते.

शाकाहारी घरांसाठी खाऊ निवडताना विशेष काळजी लागते. जपानी वेष्टनांवर आपल्यासारखी हिरव्या ठिपक्याची खूण नसते आणि घटकांची यादी जपानी लिपीत असते. अंडे, दूध, गहू, भुईमूग, अक्रोड, बकव्हीट, कोळंबी आणि खेकडा हे घटक ॲलर्जीच्या दृष्टीने वेष्टनावर नोंदवणे तिथे बंधनकारक आहे, त्यामुळे मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीने ती यादी वाचली तर अंड्याचा उलगडा लगेच होतो. शिरोई कोइबितोमध्ये अंडे असते, हे अंडे न खाणाऱ्यांना देण्यापूर्वी सांगायलाच हवे. जिलेटिन या यादीत सक्तीचे नसले तरी घटकांमध्ये ते लिहिलेले असते, तेव्हा मऊ, लवचिक सारण असलेल्या चॉकलेटांची यादी शेवटपर्यंत वाचावी. दुकानातल्या मुलींना विचारले तर त्या घटकांचा तक्ता काढून अतिशय मनापासून एकेक गोष्ट दाखवतात, त्यामुळे विचारायला संकोच करू नये.

होक्काइदोपर्यंत जाणे होणार नसेल, तर टोकियोत युराकुचो स्थानकाजवळच्या कोत्सू काइकान इमारतीत होक्काइदो प्रांताचे दोसान्को प्लाझा हे दुकान आहे, तिथे या बेटाचे पुष्कळ जिन्नस एका छताखाली मिळतात. शिरोई कोइबितो आणि रॉईस हे दोन्ही नारिता आणि हानेदा विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांतही असतात. २०२४ मध्ये कोकोचे भाव टनाला १०,००० डॉलरच्याही वर गेले, त्यानंतर एकूणच चॉकलेट महागले आहे, हे जुन्या किमती आठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. शहरातल्या दुकानात एकाच दिवशी कर वगळून ५,००० येनची खरेदी झाली तर पर्यटकांना खाद्यपदार्थांवरचा ८ टक्के उपभोग कर माफ करून घेता येतो, त्यासाठी पासपोर्ट बरोबर हवा. आजवरच्या पद्धतीत असा माल मोहोरबंद पिशवीत मिळतो आणि देश सोडेपर्यंत ती उघडायची नसते. नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून विमानतळावर तो परत घेण्याची पद्धत येणार आहे. तोपर्यंत जाणाऱ्यांनी आगगाडीत किंवा हॉटेलात खायचे खोके वेगळ्या पावतीवर घ्यावेत.